डावा नांदेडला, उजवा लातूरला

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करतो. मी भोंगेवाला नाही. लातुरात सगळे मला भोंगेवालाच म्हणतात, माझ्या बायकोला भाजीवाली 'भोंगेवाल्याच्या बाई' म्हणून हाक मारते, आणि या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा तेही म्हणाले, "तुमच्या भोंग्यांच्या आठवणी लिहा की." उभ्या आयुष्यात मी लग्नाच्या मांडवावर एक भोंगा बांधलेला नाही. मी घरात बसून गाणं ऐकायचे स्पीकर केले आणि जुने विलायती स्पीकर दुरुस्त केले. भोंगा अख्ख्या गावासाठी असतो. माझा स्पीकर खुर्चीत बसलेल्या एका माणसासाठी असतो. तो माणूस बहुतेक वेळा डोळे मिटून बसलेला असतो, आणि घरात कामं पडलेली असताना तो असा बसतो म्हणून त्याची बायको माझ्यावर नाराज असते.

धंदा सांगायला सोपा आहे. स्पीकर म्हणजे कागदाचा एक कोन, त्याच्या बुडाला तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याभोवती लोहचुंबक. तारेत गाण्याची वीज आली की कागद मागंपुढं हलतो, हवा हलते आणि आपण 'वा' म्हणतो. खर्जाला मोठा कागद लागतो, तार सुरांना छोटी टिकली पुरते. कुठला सूर कुणाकडं पाठवायचा हे ठरवणारी एक पट्टी आत असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. तिचं काम तलाठ्याचं, फक्त ती कुणाच्या सांगण्यावरून फेरफार करत नाही.

खरी करामत लाकडी खोक्यात आहे. कागद पुढं हवा ढकलतो तशी मागंही ढकलतो, आणि ती मागची हवा मोकळी सोडली तर पुढच्या आवाजाला खाऊन टाकते. तिला आत कोंडायचं, दमवायचं आणि शहाणी झाली की खालच्या भोकातून हळूच बाहेर सोडायचं. जुन्या इंग्रज कारागिरांनी त्यासाठी खोक्याच्या पोटात वळणावळणाची वाट केली आणि त्या वाटेत लांब केसांची मेंढीची लोकर भरली.

आता विलायती लोकर मी कुठून आणू? उदगीरच्या बाजारात घोंगडीवाले बसायचे, त्यांच्याकडून पोतं भरून लोकर आणली आणि तिथल्याच एका दाताच्या डॉक्टरांच्या स्पीकरमध्ये भरली. काय खर्ज लागला म्हणता. डॉक्टर खूष, मी खूष. मग उन्हाळा आला आणि डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "मिस्त्री, गाणं लई झकास हाय, पण आवाज जरा वाढवला की घरात मेंढरं शिरल्यासारखं वाटायलंय." लोकर आधी धुवायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांची बायको रोज फिनेल टाकून फरशी पुसायची, आणि शेजारचं कुत्रं खिडकीशी येऊन त्या खोक्यावर भुंकायचं. पुढं सगळी लोकर काढून रिठ्याच्या पाण्यात धुतली, गच्चीवर वाळवली, परत भरली. त्या कुत्र्याची मात्र समजूत पटली नाही.

देगलूरहून एक नवरदेव आला होता, आठवड्यावर लग्न. म्हणाला, "काका, असा स्पीकर करा की छाती धडधडली पाहिजे." मी म्हणलो, "बाबा, लग्न व्हायलंय ना तुझं? धडधडंल आपोआप, त्याला स्पीकर कशाला पाहिजे." गेला तो दुसऱ्या दुकानात. असली गिऱ्हाइकं मी आयुष्यभर घालवत आलो, आणि बायको अजून त्यांची नावं घेऊन टोमणे मारते.

पण हे सगळं शिकलो कुठं? तर अण्णांच्या घरी.

अण्णा म्हणजे लातूरचे एक जुने वकील, आता पार नव्वदीकडं झुकलेले. हैदराबादच्या एका हवेलीतलं सामान विक्रीला निघालं तेव्हा लोकांनी झुंबरं घेतली, गालिचे घेतले, अण्णांनी स्पीकरची जोडी आणली. माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच, अक्रोडाच्या लाकडाचा पातळ थर चढवलेली, एकट्या माणसाला उचलणार नाही अशी वजनदार. कागदाच्या कोनाच्या काठाला असलेला फोम आमच्या उन्हानं भुगा झाला की अण्णा मला बोलवायचे. मी तो बदलायचा आणि त्या निमित्तानं आत डोकं घालून तास तास बसायचं. काकू, म्हणजे अण्णांच्या बायको, म्हणायच्या, "अहो, मिस्तरी आत गेला का काय, बघा जरा." त्या जोडीची नक्कल करण्यात माझं आयुष्य गेलं. जवळपास पोहोचलो, पण तंतोतंत एकदाही जमली नाही, ही खंत आहे.

त्या जोडीत एक गोम होती, ती लक्षात ठेवा. डाव्या स्पीकरची टिकली उजवीकडं सरकवलेली, उजव्याची डावीकडं. दोन्ही मिळूनच एक वस्तू. पायताणाचा जोड असतो ना, तसं.

एकदा अण्णांनी कुणाकडून तरी स्पूलचा, म्हणजे टेपच्या मोठ्या चकत्यांचा, रेकॉर्डर मागून आणला. अण्णा हार्मोनियम वाजवायचे आणि काकू गायच्या, म्हणून मी दोन माईक लावले. एक हार्मोनियमपुढं, एक काकूंपुढं, मध्ये खोलीभर अंतर. हार्मोनियम डाव्या बाजूला उतरली, काकूंचा आवाज उजव्या बाजूला. काकू सारख्या म्हणायच्या, "दूध वर ठिवलंय, लौकर आटपा." एक भजन झालं आणि वीज गेली, ती येण्याआधीच रेकॉर्डरचा मालक दारात हजर. त्यामुळं ते भजन कुणी ऐकलंच नाही. स्पूल कपाटात पडून राहिली.

पुढं काकू गेल्या. मग वाटणी निघाली. थोरला विलास नांदेडला नोकरीला, धाकटा प्रकाश लातुरातच, केमिस्ट्रीचे क्लास घेतो. दोघंही सरळ माणसं, पण प्लॉटची रस्त्याकडची बाजू कुणाची यावरून फाटलं ते फाटलं. वाटणीला बसलेल्या मामांनी भांडीकुंडी, कपाटं, पलंग मोजले आणि स्पीकरपाशी येऊन म्हणाले, "दोन भाऊ, दोन स्पीकर. ही वाटणी तर देवानंच करून ठिवलीय." डावा नांदेडला गेला, उजवा लातूरला राहिला. अण्णांचीही वाटणी झाली, सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं. मला हे कळलं तेव्हा मी जेवत होतो, घास तसाच राहिला.

भावाभावांचं बोलणं बंद झालं. फॅमिली ग्रुपवर मात्र रोज सकाळी दोघांचेही सुप्रभात यायचे, गुलाबाच्या फुलासकट.

ती स्पूल विलासच्या बायकोला, सुनंदाला सापडली. तिनं नांदेडच्या एका स्टुडिओतून ते भजन मोबाईलमध्ये उतरवून घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. दोन्ही भावांनी आपापल्या एकुलत्या एक स्पीकरला ते जोडलं, अण्णांना ऐकवायला. आणि काही महिन्यांनी विलासचा मला फोन आला.

"काका, स्पीकर बिघडलाय. हार्मोनियम साफ ऐकू येती, आई मात्र लांबून गाती. मोबाईलवर लावलं तर आई जवळ, स्पीकरवर लावलं की लांब. म्हणजे स्पीकरच खराब झाला ना?"

"मग मोबाईलवर ऐकवा की अण्णांना."

"अण्णा मोबाईलच्या आवाजाला डास म्हणतेत. जवळ आणू देत न्हाईत." मग तो म्हणाला, "काका, तुम्ही याच. अण्णा माझ्याकडं टिकंनात. महिना होत न्हाई तर पिशवी भरतेत, लातूरला सोड म्हणतेत. लोक म्हणायलेत, थोरल्या सुनेच्या हाताला चव न्हाई. माझ्या घरात बापाचं मन लागंना, काका. मी काय कमी करायलोय?"

मी नांदेडची गाडी धरली. विलासच्या बैठकीत शिरलो तर अण्णा स्पीकरच्या कापडाला कान लावून बसलेले, हाताचा पंजा कानामागं. बंद दारापलीकडून कुणी बोलत असलं की माणूस ऐकतो, तसे ऐकत होते. भजन संपलं तरी बराच वेळ कान काढला नाही. मला बघून म्हणाले, "ये मिस्त्री. तुझी काकू बोलायली बघ, पण माझ्याशी न्हाई." मला फार वाईट वाटलं.

बिघाड कसला? स्पीकर ठणठणीत होता. डाव्या स्पीकरला फक्त डावी बाजू मिळते. त्या बाजूला हार्मोनियम, ती विलासच्या वाटणीला आली. काकूंचा आवाज हार्मोनियमच्या माईकपर्यंत खोलीभर अंतरावरून जेवढा पोहोचला, तेवढाच इथं ऐकू येत होता. सगळ्या काकू लातूरला होत्या, प्रकाशच्या स्पीकरमध्ये. म्हणून अण्णांचं नांदेडला मन लागत नव्हतं. सुनेच्या हाताच्या चवीचा यात काही संबंध नव्हता.

उपाय एका बोटाचा. स्पीकर ज्याला जोडतात त्या जुन्या ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असतं. दाबलं की दोन्ही बाजू एकत्र होतात आणि एका स्पीकरमधून सगळं ऐकू येतं. माझं बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. तेवढ्यात भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो दिसला, त्यात दोन्ही बाजूंना दोन पोरं उभी होती, अर्ध्या चड्डीतली. मी बोट मागं घेतलं.

"विलास," मी तोंड पाडून म्हणलो, "बिमारी लई खोल हाय."

"म्हणजे?"

"जोडीतला स्पीकर हाय हा. दुसरा बाजूला लावल्याबिगर याची नाडी लागत न्हाई. दोन्ही माझ्या दुकानात आणावे लागतेत."

त्याचा चेहरा उतरला. "दुसरा त्याच्याकडं हाय."

"मग मागव त्याच्याकडून."

"ते जमायचं न्हाई."

चहाची कपबशी ठेवायला मी आत गेलो तर सुनंदा ओट्याशी उभी. ती बँकेत कॅशियर आहे. हळूच म्हणाली, "काका, ते बटण कुठलं हो?"

"कुठलं बटण?"

"मघाशी बोट नेलं आन् मागं घेतलं. लोकांची बोटं बघण्यात माझी नोकरी चाललीय, काका."

मी पकडलो गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं ही आता बाहेर जाऊन बटण दाबणार, कारण गावभर नाव तिचं खराब व्हायलं होतं. ती जरा वेळ पातेलं घासत राहिली, मग म्हणाली, "र्‍हाऊ द्या. चव न्हाई म्हणतेत तर म्हणू द्या थोडे दिवस. ह्यांना एकदा भावाला फोन करू द्या." तेव्हापासून या पोरीबद्दल मला फार आदर आहे.

मी लातूरला परत येतो तर प्रकाश दुकानाच्या पायरीवर बसलेला. त्याचं गाऱ्हाणं उलटं.

"काका, माझ्या स्पीकरात आई हाय, हार्मोनियम शेजारच्या घरात वाजल्यावानी."

"मग काय बिघडलं? आई हाय ना?"

"तेच तर. अण्णा इथं आले की दिवसभर तिलाच ऐकतेत, आन् चिडतेत. ओळ संपली की म्हणतेत, 'बघ, सोडला का न्हाई ताल. जन्मभर सांगितलं हिला.' मेलेल्या आईवर कामून चिडावं माणसानं? मला ऐकवत न्हाई, काका. हार्मोनियम जवळ आली तर तसल्ली होईल त्यांची."

"बिमारी लई खोल हाय," मी म्हणलो. एकदा खोटं जमलं की दुसऱ्यांदा तोंडात बसतं.

मग माझ्या फोनला आराम राहिला नाही. विलास म्हणे, माझा स्पीकर घराबाहेर जाणार नाही, त्याला त्याचा नांदेडला आणायला सांगा. प्रकाश म्हणे, मी का जाऊ, थोरल्यानं यावं. मी दोघांनाही सांगत राहिलो की आजार वाढायलाय, कागद जाईल, वेटोळं जाईल, मग मला बोल लावू नका. बायको हे ऐकून म्हणाली, "तुम्ही डॉक्टर झाला असता तर लोकांना लुटून खाल्लं असतं." शेवटी नांदेडला अण्णांनी परत पिशवी भरली आणि विलास हरला. टेम्पोत डावा स्पीकर घालून, मागं गाडीत अण्णा आणि सुनंदाला घेऊन तो माझ्या दुकानी आला. अण्णांची पिशवी बरोबर होती. ते लातूरलाच राहायच्या तयारीनं आले होते.

प्रकाशचा स्पीकर आधीच येऊन पडला होता. डावा टेम्पोतून उतरवायला दोन माणसं पाहिजेत. मी कंबर धरून खुर्चीत बसलो. माझी कंबर त्या दिवशी एकदम ठीक होती.

"काका, त्याला म्हणावं, खालून धर," विलास माझ्याकडं बघून म्हणाला.

"काका, त्याला म्हणावं, मी धरलंय, तो स्वतःच वाकडा चालायलाय," प्रकाश म्हणाला.

दोघांमध्ये हातभर अंतर आणि मी कोपऱ्यात. असं माझ्यामार्फत बोलत बोलत त्यांनी तो स्पीकर आत आणला. मी दोन्ही स्पीकर नीट मांडले, एकमेकांकडं जरासे वळवले, तारा जोडल्या. उगाच एक मीटर लावून मान हलवली. अण्णांची खुर्ची बरोबर मधोमध ठेवली आणि भजन लावलं.

डावीकडं हार्मोनियम उघडली. उजवीकडून काकू आल्या. त्या दिवशी त्या खोलीत बसल्या होत्या तशाच, तेवढ्याच अंतरावर, दुधाची काळजी आवाजात घेऊन. प्रकाश भिंतीला टेकला. अण्णांनी मांडीवर ताल धरला होता. दुसरी ओळ संपत आली तसं त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "हां. आता सोडती बघा ताल."

काकूंनी शेवटचं अक्षर लांबवलं. डावीकडं हार्मोनियमचे सूर अडखळले, चुकीच्या पट्टीवर पडले, चाचपडले आणि जागेवर आले. ते आले तशा काकूंनी अक्षर सोडलं आणि पुढची ओळ उचलली.

अण्णांचं बोट वरच राहिलं. "परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं. नुसती हार्मोनियम ऐकली तर ते अडखळणं म्हणजे वाजवणाऱ्यानं घेतलेली एखादी जागा वाटायची. नुसत्या काकू ऐकल्या तर बाईंनी उगाच सूर ओढला असं वाटायचं. दोन्ही एकत्र ऐकलं की बारक्या पोरालाही कळलं असतं. दर ओळीला तेच होत होतं.

"मीच अडकायलोय की," अण्णा म्हणाले. "ती धरून ठिवायली. मी येस्तोवर."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, जन्मभर मी हिला चार माणसांत म्हणलो, तालाला कच्ची हायेस. एकदा बी बोलली न्हाई रे ही, की तुम्ही अडकता." सुनंदानं तोंडाला पदर लावला.

मग विलास बोलला, आणि माझ्याकडं न बघता बोलला. "पक्या, माझा बी स्पीकर तुझ्याकडंच ने. जोडी एका जागी असू दे. अण्णांचं तुझ्याकडंच मन लागतंय." बाप आपल्या घरात राहावा एवढ्यासाठी हा माणूस टेम्पो करून आला होता, आणि आता तो स्वतःच हक्क सोडत होता.

"दादा, तू दोन्ही ने," प्रकाश म्हणाला. "पाळी तुझी चालू हाय."

"मी म्हणलो ना तू ने."

"थोरला हायेस म्हणून काय बी बोलशील काय? दोन्ही नांदेडला जातील."

पाच मिनिटांत आवाज चढले. इतकी वर्षं घेण्यावरून भांडले, आता देण्यावरून भांडायले. मी मध्ये पडणार होतो, तोवर अण्णा खुर्चीतून उठले. पिशवीकडं बोट केलं आणि विलासला म्हणाले, "ती तुझ्या गाडीत ठिव. नांदेडला चल."

"आन् स्पीकर?"

"र्‍हाऊ दे दोन्ही धाकट्याकडं."

"अण्णा, मग तिकडं काय ऐकताल तुम्ही? परत आठ दिवसांत पिशवी भरताल."

"न्हाई भरणार," अण्णा म्हणाले. "पाळी पुरी करूनच येईन. ती जन्मभर थांबली माझ्यासाठी. मला सहा महिने थांबता येत न्हाई का?"

विलासनं पिशवी उचलली. प्रकाश पुढं झाला आणि भावाच्या गाडीचं दार उघडून धरलं.